नवमीचा डबा

"काही राहिलं असेल, बोलून टाका."

गोदाघाटावर दहाव्याचा पिंड मांडला, कावळे समोरच्या भिंतीवर येऊन बसले आणि एकही खाली उतरेना, की आमचे काका कपाळावर हात आडवा धरून भिंतीकडे बघायचे आणि घरच्यांना हे ऐकवायचे. तुमच्यापैकी ज्यांनी नाशकात कोणाचा दहावा केला असेल त्यांना ही वेळ माहीत आहे. पिंडाला कावळा शिवला म्हणजे गेलेला माणूस सुटला. नाही शिवला, तर त्याचा जीव कशात तरी अडकलाय. मग एकेक जण पुढे होऊन हात जोडतो आणि नाही नाही ते कबूल करतो.

काका आमच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि इंदिरानगरात आमच्याच गल्लीत राहायचे. मी आवक-जावक नोंदवहीवर बसायचो, म्हणून मला ते सगळीकडे, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा, "आवक-जावक" अशीच हाक मारायचे. गल्लीत कोणी गेलं की दहाव्याला काका हजर. त्यांना कोणी बोलवायचं नाही आणि त्यांच्याशिवाय कोणाचं चालायचंही नाही.

एकदा एका घरमालकाला कावळा शिवेना. बायको बोलून झाली, मुलं बोलून झाली, जावयानेही हात जोडले. शेवटी काकांनी मागे उभ्या असलेल्या भाडेकरूला कोपराने पुढे ढकललं. "म्हणा, खोली सोडतो." त्या गृहस्थाने घाबरत घाबरत म्हटलं आणि कावळा झपकन उतरला. तो भाडेकरू पुढे त्याच खोलीत राहिला, तिथेच त्याच्या मुलीचं लग्न झालं.

"काका, हे खोटंच झालं की," मी परतताना म्हटलं.

"अरे, जिवंत होता तेव्हा तरी त्याच्याशी कोण खरं बोलत होतं? परक्याशी खोटं बोलून करायचंय काय? ते आपल्याच माणसाशी बोलायचं असतं."

गुरुजींना घाई असली की ते दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायला निघायचे. तेव्हा मात्र काका चिडायचे. "गवताचा कावळा इथं चालायचा नाही. थांबा जरा." मग सगळे उन्हात थांबायचे.

काकांना एकच मुलगी. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं, तेव्हा ती घरी न सांगता लग्न करून सुरतेला निघून गेली. काकांनी तिचं नाव टाकलं. निफाडकडच्या आमच्या काकू मात्र रोज संध्याकाळी एकच विचारायच्या, "पोरीचं काय कळलं का हो?" काका पेपर तोंडासमोर धरायचे.

दीडेक वर्षाने काकूंचं पिशवीचं ऑपरेशन झालं. त्या दवाखान्यात असतानाच एके दिवशी माझ्या टेबलावर काकांच्या नावाचं पोस्टकार्ड आलं. त्याचा कोपरा फाडलेला होता. कोपरा फाडलेलं कार्ड कसली बातमी आणतं हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही कळतं. जावयाने लिहिलं होतं. बाळंतपणात ती गेली, बाळही गेलं, पंधरा दिवस झाले, सगळं उरकलं.

काकांनी कार्ड दोनदा वाचलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. "नोंद करू नकोस," एवढंच म्हणाले. मी केली नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो. काकूंनी उशीवरून मान वळवली. "पोरीचं काय कळलं का हो?"

"पत्र आलंय ऑफिसात," काका म्हणाले. "मजेत आहे."

काकूंच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी पाहिलं. काकांनीही पाहिलं, आणि ते अडकले ते तिथेच. जिन्यावर मला म्हणाले, "टाके निघू देत, मग सांगतो." टाके निघाले. मग म्हणाले, जखम भरू दे. मग म्हणाले, सणाचं नको, दिवाळी होऊ दे. अशा किती दिवाळ्या झाल्या.

घरच्या पत्त्यावर लिहायला ती लाजते, असं काका सांगायचे. काकूंनी पत्र मागितलं की, "फाडून टाकलं. माझा राग अजून गेलेला नाही," म्हणून आवाज चढवायचे. तिच्याकडे जायचा विषय निघाला की पुन्हा तोच राग. इतका प्रेमळ माणूस रागाचं सोंग इतकं छान वठवेल असं वाटलं नव्हतं. इकडे सुरतेत मुलगी संसार करत होती. तिला मुलगा झाला, तिने जागा बदलली, शिवणाचा क्लास लावला. काकू म्हणायच्या, "तिला म्हणावं, केस कापू नको." आणि काका गंभीरपणे, "लिहितो."

पितृपंधरवड्यातली अविधवा नवमी म्हणजे नवऱ्याआधी, सवाष्ण गेलेल्या बायकांचा दिवस. त्या दिवशी काका दोन डबे आणायचे. दुसऱ्यात खीर, वडे, भाजी. कचेरीतल्या एकाची बायको गेली आहे, त्याला घरी करून घालणारं कोणी नाही, असं काकूंना सांगून ते हा डबा करून घ्यायचे. दुपारी एकटेच कचेरीच्या गच्चीवर जायचे. पहिल्या वर्षी मी मागोमाग गेलो. पान वाढून काका कठड्यापाशी उभे होते, कपाळावर हात आडवा धरून. कावळा लगेच आला. "हिचं काही राहिलेलं नाही बघ," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून रडले.

तिसऱ्या की चौथ्या नवमीला डब्यात खीर नव्हती. तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या आणि वाटीत साय-साखर. काका झाकण हातात धरून कितीतरी वेळ उभे राहिले. "तिला हे आवडायचं," ते म्हणाले. पुढे दर नवमीला पुऱ्याच आल्या.

निवृत्तीनंतर काकांना कचेरीतलं पत्र आणता येईना, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. महिन्यातून एकदा मी त्यांच्या घरी जायचो. काका मला फाटकाशीच गाठून पढवायचे, "नातवाला चष्मा लागला म्हणून सांग." मी सांगायचो. काकू मला चहा द्यायच्या, आणि तो घशाखाली उतरवताना मला स्वतःची शरम वाटायची. नवमीला मात्र काका बस पकडून डबा घेऊन गच्चीवर यायचे.

दोन हजार सालानंतर तीन-चार वर्षांनी काका झोपेतच गेले.

दहाव्याला निफाडचा पुतण्या विधीला बसला. भिंतीवर कावळेच कावळे होते. एकही उतरेना. पुतण्याने घराचं कबूल केलं, काकूंचं कबूल केलं. माझ्या शेजारी कोणीतरी सवयीने म्हणालं, "आता काका पाहिजे होते." मग काकू पुढे झाल्या. "माझी काळजी नका करू. मी पोरीकडं जाऊन येईन," म्हणाल्या. कावळे जागचे हलले नाहीत.

काय राहिलंय ते त्या घाटावर मला ठाऊक होतं. "काका, मी काकूंना सगळं सांगतो," एवढंच म्हणायचं होतं. खोटं म्हटलं असतं तरी चाललं असतं, ती रीत त्यांनीच शिकवली होती. पण काकू हातभर अंतरावर उभ्या होत्या. माझी जीभ उचलली नाही. तासाभराने गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला.

परतताना रिक्षात मी आणि काकू दोघंच होतो. त्र्यंबक नाका मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "तुला काय वाटतं, मला ठाव नव्हतं?"

मी त्यांच्याकडे वळलो.

"डबा कोणाला नेता म्हणून विचारलं, तर एका वर्षी एक नाव सांगितलं, दुसऱ्या वर्षी दुसरं. तिसऱ्या वर्षी मी मुद्दाम पोरीच्या आवडीच्या पुऱ्या घातल्या. त्या रात्री हे जेवले नाय. मग कळलं, नवमीचा डबा कोणाचा ते. आठ दिवस मी मोरीत नळ सोडून रडले."

"मग बोलला का नाहीत, काकू?"

"काय बोलू? रोज सांजच्याला तिचं बोलायचे. खरं काढलं असतं तर त्या दिवशी पोर मेली असती बघ. मग आम्ही दोघांनी करायचं काय?"

"त्यांना कळलं होतं का, तुम्हाला ठाऊक आहे ते?"

"त्यांनी कधी विचारलं नाय. मी कधी सांगितलं नाय."

"आज घाटावर तरी सांगायचं होतंत. सुटले असते."

काकूंनी पदर नीट केला. "इतकी वर्षं मी माहीत असून ऐकत होते, हे त्यांना कळलं असतं ना रे. लय वाईट वाटलं असतं त्यांना."

त्या दिवसापासून मला घाटावर जाववत नाही. काकूंच्या आणि माझ्या ओठांवर एकच गोष्ट होती आणि दोघंही गप्प राहिलो. काका अजून त्या भिंतीवर आहेत, असं मला वाटत राहतं. कोणाला हसण्यासारखं वाटलं तर वाटो.

महिनाभराने मी काकूंची विचारपूस करायला गेलो. आता तिथे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून पायरीवरूनच परतायच्या बेतात होतो. तेवढ्यात आतून हाक आली. आयुष्यात पहिल्यांदाच काकूंनी मला काकांच्या त्या नावाने हाक मारली.

"काय रे आवक-जावक, आलं का काही?"

मी चपला काढल्या. "आलं काकू."

"काय म्हणते?"

"मजेत आहे. नातू उंचीला काकांच्या खांद्याला लागेल एवढा झालाय."

काकूंनी खुर्ची पुढे सरकवली. खिडकीच्या गजाशी एक कावळा येऊन बसला होता. त्याच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "जरा मोठ्यानं सांग. त्यांनाबी ऐकू जाऊ दे."