रकान्यात मावेल एवढं

माझी मावशी टायपिस्ट म्हणून निवृत्त झाली, पण तिची बोटं काही निवृत्त झाली नाहीत. वाचनालयाचं दोन रकान्यांचं मासिक पत्रक तिच्याच संगणकावर तयार होतं. ते ती कसं करते हे पाहून मी कपाळावर हात मारला. डाव्या रकान्याची एक ओळ टाइप करायची, टॅब दाबून उजव्या रकान्याची एक, मग खाली. टाइपरायटरवर असंच करायचे म्हणे.

"अगं, दोन रकान्यांचं बटण आहे ना त्यात," मी म्हटलं.

"दाबून पाहिलं. यांचा कुंड्यांवरचा लेख वाहत जाऊन अध्यक्षांच्या मनोगतात घुसला."

'हे' म्हणजे काका. दर अंकात त्यांचा लेख असतो आणि ऐन वेळी त्यांना एखादा शब्द वाढवायचा असतोच. तो वाढला की मावशीच्या खालच्या सगळ्या ओळी कोलमडायच्या. म्हणून काका खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसायचे आणि जागेत मावेल असा शब्द शोधायचे.

"'टवटवीत' बसेल का?"

"नाही. 'ताजी' बसेल."

"ताजी भाजी असते, रोप नाही."

त्यावरून वाद, वादावरून जुन्या आठवणी, मग चहा. एरवी काका घुमे. कानाला यंत्र लागल्यापासून तर तोंडाला कुलूपच.

मला अशा जुगाडांचा मनस्वी राग येतो. मी तिला पुस्तकं-मासिकं जुळवतात ते डीटीपीचं सॉफ्टवेअर घालून दिलं. त्यात प्रत्येक लेखाला स्वतंत्र चौकट. शब्द वाढला की पुढच्या ओळी आपोआप सरकतात आणि शेजारच्या लेखाला धक्काही लागत नाही. मावशी बघता बघता तरबेज झाली. काका आतल्या खोलीतून मजकूर पाठवू लागले, हवे तेवढे शब्द वाढवून.

नंतर एकदा गेले, तर घर अगदी गप्प.

"काम चुटकीसरशी होतं गं," मावशी पडद्याकडे बघत म्हणाली. "पण दोन अंक झाले, हे इकडे फिरकलेच नाहीत. जेवताना 'मीठ दे' म्हणतात, तेवढंच काय ते बोलणं."

 

मावशीने माउस धरला आणि काकांच्या लेखाची चौकट खालून वर ओढली. कोपऱ्यात लाल खूण उमटली. मजकूर उरलाय, असा त्याचा अर्थ. चौकटीखाली चार बोटं कोरी जागा राहिली.

"अगं, एवढी जागा असताना..."

"तू गप्प बस." ती दारापर्यंत गेली. "अहो, यंत्र घाला आणि इकडे या. तुमचा लेख मावत नाहीये."

खुर्ची ओढत काका आले आणि तिच्या शेजारी बसले. त्यांनी लाल खूण पाहिली. खालची कोरी जागा पाहिली. मग मावशीकडे पाहिलं.

"खरंच की, फारच दाटी झालीय," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.