अभ्यासिकेच्या अर्जात मी लिहिलेले उपवास

मंगळवार पेठेत कुणालाही काही लिहून हवं असलं की लोक माझं दार वाजवतात. वाढदिवसाच्या फलकावरचा मजकूर, लग्नपत्रिका, मानपत्र, श्रद्धांजली, सगळं मी लिहितो आणि लगेच उभा राहून, हातवारे करून वाचून दाखवतो. समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही तर पुन्हा वाचतो. लग्नपत्रिकेच्या वेळी लोक जरा गोंधळतात, पण मी थांबत नाही.

आमच्याकडे गडमुडशिंगी गावाहून दूध घालायला एक ताई येतात. त्यांची मुलगी पदवी घेऊन पोलीस भरतीचा अभ्यास करत होती. घर दोन खोल्यांचं, पलीकडे गोठा. शहरात एका संस्थेची मोफत अभ्यासिका आहे, तिथं थोड्याच जागा सुटणार होत्या. मुलगी स्वतः अर्ज लिहायला बसली होती, पण ताईंना माझाच हात हवा होता. मी माहिती विचारली आणि त्या दारात बसून बोलत गेल्या. नवरा गेल्यावर दोन वर्षं भाकरी पुरायची नाही, तेव्हा त्या आठवड्यातून तीनदा उपवास आहे म्हणून सांगायच्या. देवाचा त्यात काही संबंध नव्हता. "पोरीला म्हायती न्हाय हे. सांगू नका, भाऊ."

मी सांगितलं नाही, लिहिलं. तीन पानं, तीही मुलीच्याच तोंडून! 'माझ्या माउलीचे ते खोटे उपवास' अशी सुरुवात. हे तेवढं मी कुणाला वाचून दाखवलं नाही, ताईंनी सांगू नका म्हटलं होतं ना. मुलीनं माझ्यावर विश्वास ठेवून न वाचता शेवटच्या पानावर सही केली.

आम्ही तिघं मिळून संस्थेच्या कचेरीत अर्ज द्यायला गेलो. खिडकीतल्या क्लार्कनं आधी अर्ज आल्याचा, आवकचा शिक्का मारला आणि मग वाचायला घेतलं, मोठ्यानं. रांगेतली माणसं कान देऊन ऐकू लागली. मी मनातल्या मनात टाळ्यांची वाट बघत होतो. मग मुलीकडं लक्ष गेलं. ती क्लार्ककडं बघत नव्हती, आईकडं बघत होती. ताईंनी पदर पुढं ओढून मान खाली घातली होती.

क्लार्कनं पानं उलटीसुलटी केली. "पावणं, वाचून गलबललं बघा. पण ह्यात अर्ज कुठं हाय?"

कोण आहे, कुठली परीक्षा देतेय, घर किती लांब, किती वाजल्यापासून कितीपर्यंत बसणार, एवढंच त्याला हवं होतं. तीन पानांत त्यातलं काहीच नव्हतं. पेठेला मजकुराचे प्रकार शिकवणारा मी, अर्ज आणि भाषण यांतला फरक त्या खिडकीपुढं शिकलो.

मुलीनं कोरा कागद मागून घेतला आणि उभ्या उभ्या सहा ओळी लिहिल्या. क्लार्कनं त्या ठेवून घेतल्या. मग ती म्हणाली, पहिले तीन कागद परत द्या. शिक्का पडलाय, परत हवे असतील तर तसं लिहून द्या, असं त्यानं सांगितलं. मी पेन काढलं आणि लिहिलं: 'सदर मजकूर माझ्या हातून, अंतःकरणाच्या कळवळ्यापोटी...'

"कळवळा काढा, काका," मुलगी म्हणाली.

मी खोडलं. उरलं ते असं: 'हा मजकूर अर्जदाराला न विचारता मी लिहिला. तो परत मिळावा.' खाली माझी सही. क्लार्कनं तीन कागद मुलीच्या हातात दिले.

बाहेर आल्यावर मुलीनं आईला हळूच विचारलं, "कुठकुठल्या वारचं होतं ते उपास?" मी चप्पल शोधत असल्याचं नाटक करत राहिलो, चप्पल पायातच होती.

आठवड्यानं यादीत तिचं नाव लागलं. त्या सहा ओळींवर.

हे लिहून झाल्यावर मी ते छापायला दिलं नाही, आधी त्या दोघींकडं दिलं. उभा राहून वाचून दाखवलं नाही, पानं त्यांच्या हातात ठेवली आणि खाली बसलो. ताईंनी लेकीकडून वाचून घेतलं आणि, असू दे, म्हणाल्या. मुलीनं दोन वाक्यं काढायला सांगितली. ती काढली आहेत.