उजव्या हँडलची चिंधी

"शेवटची नीट कधी चालली व्हती?"

गाडी कुठलीही येवो, मिस्त्रींचा पहिला प्रश्न हाच. काय बिघडलंय, असं ते कधी विचारत नसत. चष्मा कपाळावर सरकवायचे, गाडीकडे न बघता मालकाकडे बघायचे आणि एवढंच विचारायचे. माणसं गोंधळायची. बिचारी बिघाड सांगायची तयारी करून आलेली असायची.

एकदा एक रिक्षावाला वैतागला. "ओ मिस्त्री, नीट चालत असती तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

"तेच तर इचारतोय. बंद पडायच्या आदल्या दिशी काय केलं तिला?"

त्यानं डोकं खाजवत सांगितलं, मेव्हण्यानं रिक्षा धुऊन दिली होती.

"मंग मेव्हण्याला आणा दुरुस्तीला," म्हणत मिस्त्रींनी प्लगच्या टोपीत साचलेलं पाणी फुंकून काढलं, आणि रिक्षा चालू.

पडेगावला रस्त्याच्या कडेला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. पाटी नव्हती. ओळख म्हणजे चिंध्या. जुन्या बनियनच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडून त्यांनी एका खिळ्याला अडकवून ठेवलेल्या असत. गाडी दुरुस्तीला घेतली की उजव्या हँडलला एक चिंधी बांधायची, ही त्यांची रीत. "चिंधी हाय तवर गाडी माझी. सुटली की तुमची." बांधायचे तेच, सोडायचेही तेच. त्या भागात हा कायदाच होऊन बसला होता. स्वतःच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला निघालेला एक नवरदेव मी तिथं पाहिला आहे. त्याची मोटारसायकल एका किकला चालू होत होती, पण हँडलला चिंधी होती आणि मिस्त्री जेवायला गेले होते. पत्रिकांची पिशवी घेऊन तो मुकाट एसटीच्या थांब्याकडे गेला. चिंधीला हात लावला नाही त्यानं.

मी लावला. हे लिहायला बसलो आहे ते तेवढ्यासाठीच.

कन्नडच्या पुढं, घाटाच्या अलीकडं, बायकोच्या वाटणीची थोडी जमीन आहे. नोकरी मुदतीआधी सोडून मी तिथं चार खोल्या बांधल्या. हुरडा, झोपाळे, चुलीवरचं जेवण. शहरातली माणसं सुट्टीला यायची. त्यांना शेतातून हिंडायला काहीतरी हवं म्हणून फर्दापूरकडच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टची एटीव्ही घेतली. चार जाड चाकांची, लाल रंगाची, जुनी. बघायला गेलो तेव्हा तिनं अंगणात एक फेरी झकास मारली. त्या एका फेरीवर मी भाळलो.

घरी आणल्यावर कळलं, ती दहा मिनिटंच चालते. मग खोकायची, गुदमरायची, बंद. पाव तास विश्रांती दिली की पुन्हा शहाण्यासारखी चालू. शहरातल्या एका मोठ्या गॅरेजनं प्लग बदलला, कॉइल बदलली, अख्खा कार्बोरेटर बदलला. तिची दहा मिनिटं काही बदलली नाहीत. शेवटी मिस्त्रींना गाठलं. ते एसटीनं शेतावर आले.

"शेवटची नीट कधी चालली व्हती?"

"माझ्याकडं तर कधीच नाही."

"मंग ज्याच्याकडं चालली त्याला इचारा की, साहेब."

मी रिसॉर्टच्या माणसाला फोन लावून दिला. मिस्त्री त्याच्याशी निवांत गप्पा मारत बसले. त्याचं गाव, त्याच्या आईचे गुडघे, आणि मधूनच आठवल्यासारखी गाडी. फोन परत देत म्हणाले, "टाकीचं झाकण हरवलं व्हतं. दुसऱ्याच गाडीचं बसवलंय. तवापासून."

त्यांनी गाडी चालू केली आणि शेजारी उकिडवे बसून राहिले. दहा मिनिटांनी ती गुदमरायला लागली तशी त्यांनी टाकीचं झाकण सैल केलं. सूं करून हवा आत गेली. गाडीनं दम खाल्ला आणि पुन्हा चालायला लागली.

"हवाच मिळत नव्हती वो तिला. झाकणाला भोक नाय. पेट्रोल खाली उतरंल कसं?" झाकण चुलीपाशी नेऊन, दाभण तापवून त्यांनी बारीक भोक पाडलं. मला हसू आवरेना. तेही हसले. "पार्ट बदलणारे लई हायेत साहेब. इचारणारं कुणी नाय."

ते तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्यांच्या हाताला राहवेना. त्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे उजव्या हँडलपाशी अंगठ्यानं दाबायची एक पट्टी. ती ते दाबत, सोडत, दाबत, सोडत बसले. मी कंटाळून आत जाणार, इतक्यात पट्टी दाबलेलीच राहिली. गाडी ओरडायला लागली. त्यांनी किल्ली बंद केली.

"बघितलं? केबल आतून पिंजलीय. शंभरदा दाबली तर एकदा अडकंल. पण कोणची एकदा, ते सांगता येत नाय."

तसली केबल आपल्याकडं मिळत नव्हती, पुण्याहून मागवावी लागणार होती. त्यांनी खिशातून चिंधी काढली आणि हँडलला आवळून बांधली. "सोमवारी येतो. तवर हात नाय लावायचा."

निघाले आणि रस्त्यावरून परत आले. जेवणाचा डबा राहिला होता. ओशाळून म्हणाले, "हल्ली इसराया लागलोय, साहेब. परवा दुकानाची किल्ली आतच ठिवली अन् कुलूप दाबून घेतलं." मग दोन्ही पंजे माझ्यापुढं धरले, काळे, तेलानं चिरलेले. "डोकं इसरतं. हात नाय इसरत अजून."

रविवारी पाहुणे आले. जाहिरातीत मी त्या गाडीचा फोटो टाकला होता. एक तरुण मास्तर होता, नुकतंच लग्न झालेला. त्यानं तीनदा विचारलं. "काका, एकच फेरी. हिला बसवून नाही, मी एकटाच." बायको त्याची बाजूला उभी राहून हसत होती. मी शेडमध्ये गेलो. पट्टी दहादा दाबून पाहिली. दहाही वेळा ती परत आली. चिंधीची गाठ इतकी पक्की होती की दातानं सोडवावी लागली. चिंधी पँटच्या खिशात घातली.

दुसऱ्या वळणाला पट्टी अडकली. गाडी बांधावरून उडून विहिरीच्या कठड्यावर आदळली. मास्तर वाचला. पाय दोन ठिकाणी मोडला. आज तो चालतो, थोडा लंगडत.

दवाखान्यात त्याचा मोठा भाऊ आला. "ही असली गाडी चालू करून दिली कुणी?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "मिस्त्रींनी." एकच शब्द. मला अजून आठवतं, तो शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर माझी छाती हलकी झाली होती.

सोमवारी तो भाऊ गाडी बघायला माझ्याबरोबर शेतावर आला. मी दवाखान्यातून तसाच निघालो होतो, अंगावर कालचेच कपडे. थोड्या वेळानं मिस्त्री आले. केबल वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. वाकडी झालेली गाडी पाहिली. काय झालं ते ऐकून आधी पोराची चौकशी केली. मग मला म्हणाले, "पण चिंधी व्हती ना, साहेब?"

भाऊ माझ्याकडं बघत होता.

"नव्हती, मिस्त्री. तुम्ही बांधलीच नव्हती."

ते रागावतील, भांडतील असं मला वाटलं होतं. भांडले असते तर कदाचित मी खरं बोललो असतो. पण ते स्वतःच्या उजव्या हाताकडं बघायला लागले. मुठीची उघडझाप केली. "नव्हती बांधली?" त्यांनी हळूच विचारलं. मला नाही, हाताला विचारल्यासारखं.

आणि मी वर म्हणालो, "डबा नव्हता का विसरला तुम्ही? तसंच."

खोटं एक वेळ घाबरून बोललो असेन. हे मात्र घाबरून बोललो नाही. हे विचार करून बोललो. ती चिंधी तेव्हा माझ्या खिशात होती.

"व्हय," ते म्हणाले. "डबा इसरलो व्हतो." त्यांनी त्या भावाला हात जोडले. "माझं चुकलं. पोराला जपा." मग खाली बसले आणि त्या मोडक्या गाडीला नवी केबल बसवली. बसवून झाल्यावर पट्टी कितीतरी वेळ दाबून बघत होते.

दोन दिवसांनी बायकोनं कपडे धुताना खिशातून चिंधी काढली. "ही कसली हो?" "गाडी पुसायची," मी म्हणालो. तिनं ती फडक्यांच्या ढिगात टाकली.

लोकांनी मिस्त्रींना सोडलं असं नाही. मीच सोडवलं त्यांना त्यांच्या कामापासून. पडेगावावरूनच माझा जायचा-यायचा रस्ता. गाडीची काच वर करून जायचो, पण दिसायचं. दुकानापुढं गाड्या साचायला लागल्या. दुरुस्त झालेल्या गाड्या, सगळ्यांच्या हँडलला चिंध्या. मिस्त्री झालेलं काम पुन्हा खोलत, पुन्हा बसवत, आणि चिंधी काही सोडत नसत. गिऱ्हाइकं दोन-दोन दिवस थांबायची, कंटाळायची, दुसरीकडं जायची. एक दिवस शटरला कुलूप दिसलं. शेजारच्या पंक्चरवाल्याकडून कळलं, मिस्त्री बिडकीनला लेकीकडं राहायला गेले.

बिडकीन काही लांब नाही. मी चार वर्षं गेलो नाही. दरवेळी काही ना काही कारण निघायचं, आणि मी ते हातोहात धरायचो. तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील, कारणं धरणारी. त्यांना ओळखणं अवघड नसतं. ती बोलता बोलता घड्याळाकडं बघतात.

मिस्त्री गेल्याचंही त्या पंक्चरवाल्यानंच सांगितलं. तेराव्यानंतर मी गेलो.

लेक घरी शिवणकाम करते. मला ओळखत नव्हती. मिस्त्रींचं जुनं गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मांडीवरच्या ब्लाउजची शिवण उसवत बोलत राहिली.

"शेवटी शेवटी लई ताप दिला हो अण्णांनी," ती म्हणाली, मायेनंच. "दाराची कडी लावायचे अन् मला हाक मारायचे. बघ गं, लागली का? गॅस बंद केला की तेच. शर्टाची बटणं लावली तरी विचारायचे. म्हणायचे, माझ्या हाताचं काय खरं नाय आता. एका पोराचा पाय मोडला माझ्या हातानं."

मी सगळं सांगितलं. पट्टी दहादा दाबून पाहिल्याचं, दातानं गाठ सोडवल्याचं, खिशाचं, डब्याचं. सांगताना तिच्याकडं बघण्याची हिंमत झाली नाही. शिव्या देईल, उठून दार दाखवील, नवऱ्याला हाक मारील. सगळ्याची तयारी ठेवली होती.

तिनं शिवणीचा आणखी एक टाका उसवला.

"एकदा कडी तिसऱ्यांदा बघायला लावली त्यांनी," मग ती म्हणाली. "मशीनवरून उठून उठून मी वैतागले होते. म्हटलं, अण्णा, एवढं ध्यान तेव्हा ठेवलं असतं तर दुकान तरी राहिलं असतं."

तिनं उसवलेला दोरा बोटाला गुंडाळला.

"त्या दिवसापासून मला हाक नाय मारली त्यांनी. एकटेच जाऊन बघायचे. बघायचे, येऊन बसायचे, परत जायचे."

माझ्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. ब्लाउज मशीनखाली सरकवलं आणि शिवायला लागली. बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. शिवण सरळ येत नव्हती. तिनं ती उसवली आणि पुन्हा घातली.