नवसाचा गूळ आणि लखलखीत डबा

मैत्रिणींनो, नववीतली पोरगी डब्यातला भाजीचा शेवटचा कणही पुसून खाते का कधी? माझ्या लेकीचा डबा हल्ली लखलखीत परत येतो, म्हणूनच मला संशय होता.

ती लहानपणी फार आजारी पडली, तेव्हा सासूबाई नवस बोलल्या होत्या, बरी झाली की गुळानं तोलू. राहून गेलेला तो नवस आज चांदूर रेल्वे गावी फेडायचा होता. देवळात मोठा तराजू टांगला, सारं गणगोत जमलं, पण ही पारड्यात बसेचना.

"काहून वं पोरी? देवाचं काम आहे!" सासूबाई ओरडल्या.

"मागच्या साली चुलत ताईले तोललं तवा 'अजून एक ढेप आणा' म्हणून तुमी सारे हसले होते."

सासूबाईंनी तिला हात धरून पारड्याशी नेलं. शेवटी ती बसली. थोड्याच ढेपांत तिचं पारडं वर गेलं.

"पाहा, कशी फुलावानी हलकी!" तिच्या आत्याबाई म्हणाल्या. कौतुक म्हणे!

पोरगी कितीतरी दिवसांनी हसली. मग हातातला प्रसादाचा गूळ तिनं हळूच बाहेरच्या गाईला चारला.

डबा कुठं जातो, ते मला तिथंच कळलं. तुमच्या घरी डबा कसा परत येतो?