चामड्याचं जॅकेट घालून नाकाडोंगरीला

जुन्या धाटणीचं चामड्याचं जॅकेट घ्यायचं चार वर्षं डोक्यात होतं. यंदा नागपुरात घेतलं, पण घरी दाखवायची छाती होईना. आमच्या घरात चामडं येत नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, गावची मेलेली ढोरं ओढणं बंद केलं आणि उंबऱ्याच्या आत कातडं नको म्हणून सांगितलं. बाबा कारखान्यातून निवृत्त झाले, तरी पट्टा आजही कापडी, चपला रबरी.

म्हणून आधी नाकाडोंगरीला मोठ्या आत्याकडे जायचं ठरवलं. तिच्याकडे खपलं तर बाबांकडे खपेल. त्यात मोतीबिंदूनं तिची नजर अधू, तिला काय कळणार! माझी अक्कल एवढीच.

निवडताना दोन गोष्टी पाहा. शिवण खांद्याच्या हाडावरच बसली पाहिजे. बाही पुढे सैल होते, खांदा होत नाही. आणि आत स्वेटर घालून चेन लावून बघा. काळ्यात मी सिनेमातला गुंड दिसत होतो, म्हणून तपकिरी घेतलं. खाली साधी जीन्स, आत राखाडी स्वेटर, बस्स. गॉगल चढवलात की जत्रेतला फोटो होतो.

जानेवारीत सकाळी सहाला जवाहरनगरहून मोटरसायकल काढली. वरठीला कारखान्याची रात्रपाळी सुटली होती, मफलर गुंडाळलेले कामगार सायकलींवर घरी चालले होते. मोहाडीत तर्री-पोहे आणि दोन चहा, पन्नासच्या आत. तुमसरपर्यंत रस्ता चांगला, पुढे खाणीचे ट्रक आणि खड्डे, घाई करू नका. छाती गरम, गुडघ्यांचा मात्र बर्फ. धुक्यानं जॅकेट ओलं झालं.

आत्या अंगणात शेकोटीजवळ बसली होती.

"कोन फौजदार येऊन राहिला बावा?"

"मी हाव आत्या, विजू."

"अंगात काय घातलं हे?"

"रेग्झीनचं हाय," मी ठोकून दिलं.

तिनं बाही ओढली, बोटांनी चोळली, नाकाशी नेली. "रेग्झीनले असा वास येते का? लहानपन याच वासात गेलं माह्यं. मले शिकवून राहिला का?"

मेलो! जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. खोटं बोललो, तेही तिच्याशी. तिनं भात आणि वांग्याची भाजी वाढली. हात धुतल्यावर विचारलं,

"हे तुले कोनं घालाले लावलं?"

"कोनीच नाई. मले आवडलं."

"पसंद करून घेतलं?"

"सहा दुकानं फिरलो, आत्या."

ती हसली. "माह्या बापाले कोनी पसंद नाई इचारली. ढोर मेलं का बोलावनं यायचं, जा लागे. त्यानं ते बोलावनं सोडलं. चामड्यानं काय बिघडवलं होतं त्याचं?" मग बाही सोडली. "अन् खोटं नोको बोलत जाऊ. ओलं झालं हाय, सावलीत वाळव. उन्हात ठेवलं तं कडक होते."

रात्री तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी परतलो. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर, पेट्रोल चारशेच्या आत. जॅकेट प्रवासाला उत्तम, गुडघ्यांसाठी मात्र काहीतरी वेगळं बघा.

बाबा ओट्यावर होते. या वेळी मी त्यांच्या विचारण्याची वाट पाहिली नाही.

"बाबा, हे चामड्याचं आहे. मी घेतलं. आत्याला माहीत आहे."

बोलून टाकल्यावर मला हलकं वाटलं, त्यांना नाही. ते उठून आत गेले.  जेवणानंतर आतल्या खोलीतून त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू आला, आत्याशी बोलत होते.

"बाई, तू हात लावला त्या जाकिटाले?"

बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले.

"मंग ठीक हाय," म्हणाले.