बाबांनी फोडलेली संख्या

आई गेली त्या उन्हाळ्यात मी रोज दुपारी निजामपुऱ्याला बाबांकडे जात असे. मी कॉलेजात गणित शिकवते. गुप्तलेखनाचा विषय त्या वर्षी नव्याने माझ्याकडे आला होता. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. पडदे ओढलेल्या खोलीत हिरवट उजेड असे, कूलरच्या वाळ्याचा ओला वास असे. आम्ही दोघं पाण्याखाली बसल्यासारखे गप्प.

एके दुपारी त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यात आईचे जुने निरोप होते.

"हे वाटेत कुणालाच वाचता येत नाही म्हणे. पण कुलूप घालून पाठवलं, तर किल्लीही त्याच वाटेने जायला हवी ना?"

"किल्ली घरीच राहते, बाबा. बाहेर जातं ते उघडं कुलूप. ते कुणीही लावावं, काढणारे आपण एकटे."

मग मी सांगितलं, की ते कुलूप म्हणजे दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार; तो साऱ्या जगाला दिला तरी चालतो. त्यावरून त्या दोघी, म्हणजे किल्ली, शोधणं महाकठीण.

"किती कठीण?"

मी कागदावर लिहिलं, १०२२११७. "शोधा. कॅल्क्युलेटर नाही हं."

वाटलं, पंधरा दिवस तरी जातील. तिसऱ्या दुपारी दार उघडतानाच ते म्हणाले, "१००९ आणि १०१३."

"एवढे भागाकार केलेत?"

"एकही नाही. वर्गमूळ काढायला बसलो. १०११ चा वर्ग तुझ्या संख्येहून फक्त चारने मोठा निघाला, आणि चार म्हणजे दोनाचा वर्ग. १०११ मध्ये एकदा दोन मिळवले, एकदा वजा केले, झालं! तू दोघी शेजारणीच घेतल्यास गं."

आणि ते हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. जवळजवळच्या मूळ संख्या कधी निवडू नयेत, हे त्याच आठवड्यात मी वर्गात बजावून आले होते.

पुढची संख्या मी विचार करून दिली, दोघींत भरपूर अंतर ठेवून. ते वहीत भागाकार करत बसत आणि खुर्चीतच त्यांचा डोळा लागे. झोपेतही ओठ हलत. मी समोर बसून पेपर तपासायचं सोडून ते हलणारे ओठ पाहत राही.

"उत्तर सांगू का?" एकदा विचारलं.

"अजिबात नको."

ती संख्या त्यांना अजून फुटलेली नाही. परवा ते दांडिया बाजारातून नवी वही घेऊन आले.