हिरवे फुटवे

वहिनींना काही टाकवत नाही. कपड्यांच्या अल्टरेशनचा त्यांचा धंदा, मागच्या खोलीत खिडकीशी मशीन. कुणाची पँट आखूड केली की उरलेल्या कापडाची पिशवी होते, पिशवी फाटली की तिचं पायपुसणं होतं आणि पायपुसण्याचाही जीव गेला की चिंधी मशीन पुसायला लागते. नवरा म्हणतो, "मी अजून घरात आहे तो याच गुणावर."

खिडकीपलीकडे बागेची चिंचोळी पट्टी, मग विटांची भिंत आणि भिंतीपलीकडे नणंदेचं घर. त्या भिंतीला एक भगदाड आहे, चहाचा ट्रे आडवा जाईल एवढं. वहिनी तिथून ट्रेवर शर्ट ठेवून पलीकडे देतात, वन्सं काजं-बटणं करून परत पाठवतात. शर्टांबरोबर गल्लीतल्या बातम्या येतात त्या वेगळ्या. वन्सं पोस्टातून निवृत्त झालेल्या, पोचवणं त्यांच्या हाडात भिनलेलं.

एकदा वहिनींनी नर्सरीतून शोभेचं गवत आणलं. पाती बुडाशी हिरवी आणि टोकाकडे लालभडक, उन्हात तर पेटल्यासारखी दिसायची. नर्सरीवाल्यानं बजावलं होतं, "एखादा फुटवा नुसताच हिरवा आला तर मुळासकट उपटून टाका. लाल गवत जागेवर बसतं, हिरवं पळत सुटतं. आणि मुळाचा तुकडा राहिला तरी फुटतं."

वहिनींनी मान डोलावली आणि रस्त्यात नवऱ्याला म्हणाल्या, "जोमदार तेवढं उपटायला सांगतोय. म्हणजे आम्ही पुन्हा याच्याच दारात."

हिरवे फुटवे आलेच. ताठ, तुकतुकीत. त्यांच्याशेजारी लाल पाती आजारातून उठल्यासारखी दिसू लागली. असला धडधाकट जीव वहिनी टाकणार? त्यांनी एकेक फुटवा अलगद काढला आणि भिंतीच्या कडेनं लावून टाकला, टीप मारल्यासारखी सरळ ओळ. पुढची दोन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या ओळ दाखवत होत्या.

मग एका सकाळी भगदाडातून शर्टाऐवजी बटाटा आला. वन्संच्या वाफ्यातला. त्याच्या एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडलेलं, पांढरं, कडक, अणकुचीदार मूळ.

"ही सुई कुणाची?" वन्संनी विचारलं.

"बटाट्याची असेल."

"बटाट्याला सुया कधीपासून फुटायला लागल्या?"

"मग माझ्यावर आळ कशाला घेताय? माझं गवत लाल आहे."

वन्संनी भगदाडातून डोकं आत घातलं. "कुठंय लाल?"

वहिनींनी पाहिलं. लाल पातं शोधावं लागलं. कोपऱ्यात एक ठोंब कसाबसा उरला होता, बाकी सगळी पट्टी हिरवीगार.

"आता आलंय ते आलंय," वहिनी म्हणाल्या. "टाकवत नाही मला."

"तुम्हाला टाकवत नाही म्हणून मी बटाटे टाकू? सोमवारी गवंडी येतोय. हे भगदाड बुजवून घेते." आणि वन्संनी रिकामा ट्रे आपल्या बाजूला ओढून घेतला.

ट्रे त्यांचाच होता, तरी वहिनींना ते लागलं.

त्या दिवशी काजं वहिनींनी स्वतःच केली. वाकडी झाली. दुसऱ्या दिवशी दोन शर्ट घेऊन त्या गल्लीतून फिरून वन्संच्या पुढच्या दारी गेल्या. बेल वाजवली, चपला काढल्या, बैठकीच्या खोलीत खुर्चीवर बसल्या. वन्संनी तब्येत विचारली. त्यांनी बरी आहे म्हणून सांगितलं. मग दोघी पंख्याकडे बघत बसल्या. पुढच्या दारानं गेलं की माणूस पाहुणा होतो, हे वहिनींना तेव्हा कळलं. शर्ट पिशवीतून न काढताच त्या घरी आल्या.

आल्या त्या थेट फावडं घेऊन बागेत. ओळच्या ओळ उपसली, माती चाळणीनं चाळली, मुळाचा तुकडा न् तुकडा पोत्यात भरला. कोपऱ्यातला लाल ठोंब तेवढा झटकून बाजूला ठेवला. नवरा खिडकीतून म्हणाला, "पोत्याचं काय करणार? उशा?"

"टाकणार आहे," वहिनी म्हणाल्या. नवऱ्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

सोमवारी गवंडी आला तेव्हा वहिनी कोपरापर्यंत मातीत होत्या. वन्सं भगदाडाशी येऊन उभ्या राहिल्या.

"नर्सरीवाल्यानं सांगितलं होतं मला," वहिनी मान वर न करता म्हणाल्या. "वाटलं, गिऱ्हाइकाला फसवतोय."

"तुम्हाला कोण फसवणार," वन्सं म्हणाल्या, पण आवाज जरा उतरला होता.

गवंड्यानं पहारीनं भिंतीचा पाया टोकरला. "ताई, वर बुजवून काय करू? हे खालून जातंय. पायाखालीही मुळं असतील, ती पुन्हा फुटणार."

"मग खाली काय घालता येईल?"

"तुमच्या बाजूनं चर खणून पत्रा उभा पुरतो, चांगला खोल. आणि वरचं भगदाड?"

वन्संनी वहिनींच्या हातांकडे पाहिलं. "ते राहू दे. शर्ट काय जमिनीखालून द्यायचेत?"

तेव्हापासून दोन घरांत भिंत पक्की आहे, पण जमिनीखाली. लाल ठोंब आता जाड टबात असतो, टब चार विटांवर. वहिनींच्या बाजूला अधूनमधून पातं डोकं काढतं, ते त्या तिथल्या तिथे खणतात. टबातही कधी हिरवा फुटवा येतो. तो मुळासकट उपटला की वहिनी जरा वेळ हातात धरून उभ्या राहतात आणि त्यांची नजर आपोआप एखाद्या रिकाम्या कुंडीवर जाते.

"वहिनी," भगदाडातून आवाज येतो.

"टाकतेय हो, टाकतेय."